मातीचा दामू

माझ्या घरातला कॅमेरा चालू झाला त्या पहिल्याच दिवशी मी सहा वेळा पडलो. म्हणजे मी पडलो नव्हतो, कॅमेऱ्याला तसं वाटलं. मी आपला उकिडवा बसून विळीवर दोडका चिरत होतो. फोन वाजला. जर्मनीहून आमची धम्मदिना.

"पप्पा, पडलात काय?"

"कोण पडलं?"

"सिस्टीम सांगतेय तुम्ही पडलात. लागलं का कुठं?"

"तुझ्या सिस्टीमला सांग, माणूस दोडका चिरतोय."

तिला हसू आलं नाही. तिकडे सकाळचे सहा वाजले होते आणि घाबरून उठलेल्या माणसाला कुठलं हसू येणार?

मी दामू. भिवंडीच्या पाणीखात्यात एकतीस वर्षं चावीवाला होतो. रस्त्यातल्या खड्ड्यात लांब लोखंडी चावी घालून वॉल्व्ह फिरवायचा आणि गल्लीगल्लीला पाणी सोडायचं, हे काम. आमच्या कामतघर भागात कुणाच्या नळाला किती वाजता पाणी येणार ते माझ्या हातात होतं, त्यामुळे फोन दिवसभर वाजायचा. "दामूभाऊ, आज धार बारीक हाय." "दामूभाई, पानी कब छोड़ोगे?" शिव्याही पोटभर खाल्ल्या. रिटायर झालो आणि महिन्याभरात फोन मुका झाला. लोकांचं काही चुकलं नाही. पाणी आता दुसरा सोडतो, ते त्याला फोन करतात. पण एकतीस वर्षं ज्या फोनला वैतागलो तोच वाजेना म्हणून करमत नव्हतं, हे सांगणार कुणाला?

सांगायला द्रौपदी होती, माझी बायको. ती तीन वर्षांपूर्वी गेली. ती असताना मायलेकी तासतास बोलायच्या. शेवटी द्रौपदी फोन माझ्या हातात कोंबायची आणि मी म्हणायचो, "बरी आहेस ना? थंडी आहे का? ठेवू?" मुलगी शिकायला बाहेर पडल्यापासून माझं तिच्याशी एवढंच बोलणं. द्रौपदी गेल्यावर फोन थेट माझ्याकडे यायला लागला आणि मला कळलं, की मला माझ्या मुलीशी बोलता येत नाही. दर रविवारी तिचा फोन यायचा. दोन मिनिटांत दोघांचंही बोलून संपायचं. मग नुसता श्वास ऐकू यायचा. मग रविवार एकाआड एक झाला. आणि मी आपणहून कधी फोन केला नाही. कामात असेल, उगाच कशाला. फोन करायचा तर काहीतरी बिघडलेलं पाहिजे, अशीच मला सवय. मलाही कुणी बिनकामाचा फोन केलेला आठवत नाही.

शेजारी कापडाच्या लूमचा खडखडाट असतो म्हणून घरात आवाज तरी आहे. लूम बंद असले की माझ्या ताटात चमचा वाजलेला मला ऐकू येतो. त्या दिवशी मी ताट घेऊन दारात बसतो.

डिसेंबरात धम्मा आठ दिवस आली आणि जाताना भिंतीवर कॅमेरा ठोकून गेली. तिची कंपनी एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांसाठी असे कॅमेरे बनवते. मी आधी चिडलो. घरात काय बँक आहे का म्हटलं. तर तिनं लॅपटॉप माझ्यापुढे धरला. पडद्यावर एक राखाडी बाहुला उभा होता, शाडूच्या मातीचा असावा तसा. त्याला नाक नाही, डोळे नाहीत, कपडे नाहीत. मी डोकं खाजवलं, त्यानं डोकं खाजवलं.

"हे तुम्ही," ती म्हणाली. "यात तुमचा चेहरा कुणाला दिसत नाही. फक्त शरीर दिसतं."

मग तिनं मला समजेल असं सांगितलं. हजारो माणसांची शरीरं चारी बाजूंनी मोजून यंत्राला शिकवलंय, की माणूस जाड कसा असतो, बारीक कसा, कुठला सांधा किती वळतो. आता साध्या कॅमेऱ्यात चपटं चित्र आलं तरी यंत्र त्यावरून अख्खा माणूस अंदाजानं उभा करतं, पुढून, मागून, बाजूनं. माझा आकार त्याला दहा आकड्यांत सांगता येतो. बसलोय की वाकलोय, ते आणखी बहात्तर आकड्यांत.

"चौसष्ट वर्षांचा माणूस ब्याऐंशी आकड्यांत," मी म्हटलं. "आटोपलं लवकर."

यंत्राची गोची एकच होती. त्यानं ज्यांच्याकडून धडे घेतले ती सगळी खुर्चीवर बसणारी माणसं. माणूस जमिनीला टेकला म्हणजे तो पडला, एवढंच त्याला ठाऊक. त्यात मी लुंगीवाला. लुंगीत पाय कुठे आहेत याचा अंदाज करता करता यंत्राला घाम फुटायचा. भाजी चिरली, पडलो. फरशी पुसली, पडलो. सकाळी सहाला बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे वंदना म्हणून गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं, तर यंत्राच्या हिशेबी मी तोंडावर आपटलो. तिकडे रात्रीचा दीड. पोरगी झोपेतून उठून फोन करायची, आणि मी वंदना अर्धी सोडून उचलत नाही म्हणून शेजारच्या गोदूबाईला करायची. गोदूबाईचं माहेर जवळच्या कोन गावचं आणि आवाज कोनपर्यंत पोचेल असा.

"अरं दामू, तुजी पोर फोनवर हाय. पडलास का रं?"

"न्हाय पडलो. पाया पडत होतो."

"मंग तिला सांग तसं. घोर लागतो तिला."

मी वंदना सकाळी अकरावर आणली. पोरीची झोप मोडू नये म्हणून, असं मी गोदूबाईला सांगितलं. ते अर्धंच खरं होतं. अकरा वाजता तिकडे पोरगी चहा पिते आणि तिला बोलायला वेळ असतो. कारण एव्हाना मला चटक लागली होती. अलार्म आला की ती फोन करायची, मी म्हणायचो, "अगं उकिडवा बसलो होतो," आणि मग फोन केलाच आहे तर ती काहीतरी विचारायची. आई सुकटाच्या चटणीत लसूण कधी घालायची? मला काय माहीत? मी ठोकून द्यायचो आणि नंतर गोदूबाईला विचारून दुसऱ्या दिवशी दुरुस्त करायचो. एकदा अकरा मिनिटं बोललो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, गॅसचा सिलिंडर कधी लागला ते लिहितो तिथेच, फोन आला की मी पेनानं एक टिंब करायला लागलो.

मग मी वाया गेलो. दोन-तीन दिवस फोन आला नाही की मी कॅमेऱ्यासमोर उगाचच खाली बसायचो, काहीतरी शोधल्यासारखं रांगायचो, कधी चक्क आडवा व्हायचो. खोटं बोलणार नाही म्हणून रोज तसबिरीपुढे म्हणायचं आणि म्हणून झालं की दहा मिनिटांत खोटं पडायचं. लाज वाटायची. पण फोन वाजला की लाज विसरायला व्हायची. "पप्पा, अलार्म आला," ती म्हणायची आणि मी म्हणायचो, "हां, ते बटण पडलं होतं शर्टाचं." फेब्रुवारी, मार्च, एप्रिल असे गेले. द्रौपदी गेल्यापासून एवढे बरे महिने मला आले नव्हते.

मेच्या सुरुवातीला ती म्हणाली, "पप्पा, एक काम होतं. नाही म्हणू नका."

आपल्याकडच्या घरांत कॅमेरे विकायला कंपनी निघाली होती आणि सगळीकडे हीच बोंब. म्हातारी माणसं जमिनीवर बसतात, यंत्र बोंबलतं, लोक वैतागून कॅमेरा काढून ठेवतात. जमिनीवर उठणारं-बसणारं माणूस कसं दिसतं ते यंत्राला नीट शिकवायचं होतं. त्यासाठी तिला एका माणसाची सगळी आसनं हवी होती, एकेक करून, सावकाश. तिच्या साहेबांनी हे काम तिच्यावर टाकलं होतं. जमलं तर तिच्या हाताखाली चार माणसं येणार होती.

मला लगेच कळलं, की यंत्र शहाणं झालं म्हणजे अलार्म गेला, आणि अलार्म गेला म्हणजे फोन गेला. बसल्या फांदीवर कुऱ्हाड म्हणतात ती हीच. मनात आलं, वेडंवाकडं बसून दाखवावं, थोडं चुकवावं. यंत्राला काय कळतंय? पण पोरगी शिकत होती तेव्हा मी तिच्या अभ्यासाच्या वेळी रेडिओसुद्धा लावत नव्हतो. आता तिच्या कामात माती कशी कालवू?

रविवारी सकाळी आम्ही सुरू केलं. लुंगी चालणार नव्हती, अंगाबरोबरचे कपडे हवे होते. बनियन आणि अर्धी चड्डी घालून मी मुलीपुढे उभा राहिलो. तिला तो राखाडी बाहुलाच दिसतो असं तिनं दहादा सांगितलं, तरी मी पोट आत घेतलं होतं. तिनं माझ्या फोनवर तो बाहुला मलाही दाखवला. ती सांगायची आणि मी करायचो. उकिडवं. मांडी. एक गुडघा वर. विळीवर. गुडघ्यांवर, मग कपाळ जमिनीला. हात न टेकता उठणं, हात टेकून उठणं. बादली उचलणं. गोदूबाई दारातून डोकावली आणि म्हणाली, "दामू, या वयात नाटकात काम घेतलंस का रं?" आणि आम्ही तिघंही हसलो, एक जर्मनीत, दोन कामतघरात.

मधेच धम्मानं मला थांबवलं.

"पप्पा, तुमचा डावा खांदा खाली का येतोय? सारखी चूक दाखवतंय."

"चूक नाही. चावीचा खांदा आहे तो. एकतीस वर्षं त्याच खांद्यावर चावी वाहिली."

"मला माहीतच नव्हतं."

"तुला कशाला माहीत असेल?"

"यंत्र दोन्ही बाजू सारख्या धरतं," ती म्हणाली. "तुमचं हातानं नीट करून घेते." पुढं बराच वेळ ती काहीतरी करत राहिली. माझ्या फोनवर त्या मातीच्या बाहुल्याचा डावा खांदा हळूहळू खाली आला, आणि मग तो खरंच माझ्यासारखा दिसायला लागला.

चार तास फोन चालू होता. चार तास! माझे गुडघे कामातून गेले होते आणि मला वाटत होतं, अजून एखादं आसन आठवावं. शेवटी ती म्हणाली, "झालं पप्पा. आता उगाचचे अलार्म यायचे नाहीत." आणि थांबली.

तेव्हा मी काय म्हणालो ते मला शब्दाशब्दानं आठवतं. मी म्हणालो, "बरं झालं. सुटलो. उठसूट तुझा फोन, माणसाला धड बसू देत नाहीस."

"बरं पप्पा," ती म्हणाली.

त्यानंतर फोन आला नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. जेवलात का, असा निरोप यायचा, मी अंगठ्याचं चित्र पाठवायचो. म्हटलं, यंत्र शिकलं, आपणच शिकवलं, आता बोंब कुणाच्या नावानं मारायची? तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी बेशरम झालो आणि कॅमेऱ्यासमोर सरळ आडवा पडलो. वीस मिनिटं पडून राहिलो. फरशी गार लागत होती, लूम बंद होते, छतावर पाल होती. फोन वाजला नाही. उठताना मात्र खरोखरच कमरेत उसण भरली. त्या दिवशी मी जेवलो नाही. भूकच लागली नाही आणि जेव म्हणणारंही कुणी नव्हतं.

कंपनीकडून दर महिन्याला फोनवर एक कागद यायचा. मी तो जाहिरात समजून कधी उघडला नव्हता. जूनच्या पहिल्या आठवड्यात फोन भरला म्हणून मी नको ते पुसायला बसलो आणि बोट लागून तो उघडला. मराठीतच होता. घर क्रमांक, माझं नाव, आणि खाली महिन्यांची यादी. पडल्याचे इशारे: जानेवारीत एकोणतीस. फेब्रुवारी, शून्य. मार्च, शून्य. एप्रिल, शून्य.

मी चष्मा पुसून परत वाचलं. मग उठून कॅलेंडरची पानं मागे उलटली. फेब्रुवारीत बारा टिंबं होती. मार्चमध्ये चौदा. एप्रिलमध्ये सोळा.

म्हणजे माझ्या घरापुरतं तिनं यंत्र जानेवारीतच ताळ्यावर आणलं होतं. फेब्रुवारीपासून एकही अलार्म गेला नव्हता. मी बटण शोधायच्या नावानं रांगत होतो आणि ती अलार्म आल्याच्या नावानं फोन करत होती. बापाला फोन करायला काहीतरी बिघडलेलं पाहिजे, हे पोरगी माझ्याकडूनच शिकली असणार. आणि त्या रविवारी ती जी थांबली होती, ती माझ्या बोलण्याची वाट बघत थांबली होती. तरी फोन करत जा गं, एवढंच म्हणायचं होतं मी. तर म्हणालो, सुटलो.

दुपारचा एक वाजत होता. तिकडे साडेनऊ, म्हणजे ऑफिस. मी फोन कानाला लावला आणि रिंग जायच्या आत कापला. काय सांगायचं? परत लावला, परत कापला. तिसऱ्यांदा उभं राहून केला, तोही कापला. चौथ्यांदा मात्र कापला नाही. रिंग एकदाच वाजली.

"पप्पा? काय झालं?"

"काही नाही."

"मग?"

"काही झालं नाही. असाच केला."

ती म्हणाली, "मघापासून तीनदा हात कानाशी नेऊन खाली घेतलात. मला वाटलं कान दुखतोय."

"तू बघत होतीस?"

"रोज बघते. कामाच्या शेजारी एक छोटी खिडकी उघडी ठेवते तुमची. तुम्ही भाजी चिरता तेव्हा मी चहा घेते."

"त्या दिवशी मी खाली पडून होतो, तेव्हा..."

"बघितलं. हात उशाला घेतला होतात. पडलेला माणूस हात उशाला घेत नाही, पप्पा."

"मग फोन का नाही केलास?"

"तुम्हीच म्हणालात ना, धड बसू देत नाही म्हणून."

मी म्हटलं, "मला तसंच बोलता येतं गं. दुसरं येत नाही." आणि मग, आता बोललो नाही तर परत कधी बोलणार नाही असं वाटून, म्हटलं, "मला तुझी आठवण येते. दिवसभर येते. घरात बसवत नाही मला."

मग ती अगदी हळू बोलली, आजूबाजूला माणसं असल्यासारखी.

"मी पडले होते, पप्पा."

"कधी?"

"त्या रविवारनंतर दोन दिवसांनी. बाथरूममध्ये घसरले. पाय मुरगळला. तीन दिवस घरातच होते. कुणाला कळलं नाही. माझ्या घरात कॅमेरा नाही."

तीन दिवस पोरगी तिकडे एकटी लंगडत होती, आणि ते तीन दिवस मी इथं कॅमेऱ्याकडे पाठ करून फुगून बसलो होतो.

"आता पाय कसा आहे?"

"बरा आहे. सूज उतरली."

"आत्ता ऑफिसात आहेस?"

"नाही. आज घरून काम करतेय."

"उभी आहेस की बसलीस?"

"बसलेय."

"कशी बसलीस ते सांग. मला इथनं काही दिसत नाही."

"खुर्चीवर. टेकून."

"मुरगळलेला पाय कुठला? कुठे ठेवलायस?"

"डावा. समोरच्या स्टुलावर."

"पाठीला उशी आहे?"

"आहे."

"मान वाकडी नाही ना ठेवलीस?"

"खाली आहे थोडी."

"फोन कुठल्या हातात आहे?"

"डाव्या."

"आणि उजवा हात?"

मी थांबलो. मला घाई नव्हती.

"डोळ्यांवर आहे, पप्पा."